फाटकावरच्या सासूबाई

माझ्या सासूबाई रेल्वेच्या फाटकावर कामाला आहेत. अर्ध्या गावाशी त्यांचं भांडण, उरलेल्या अर्ध्याशी जुनं भांडण. कोणी दांड्याखालून वाकून निघालं की फाटकाशेजारच्या गुमटीतून गरजणार, "वर जायची घाई झालीय का?" रोज सकाळी रुळालगतच्या खाचेत अडकलेली खडी सळईने उकरत बसणार. मी एकदा म्हटलं, "आई, एवढ्याशा खड्याने काय होतंय?"

"जावईबापू, डोळ्यात जातं ते कुसळही एवढंसंच असतं."

माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. तिला रिक्षात बसवून निघालो. दवाखाना रुळांपलीकडे. फाटकाशी पोचलो आणि नेमका आमच्या नाकासमोर दांडा खाली आला.

"आई, उघड ना!" बायको ओरडली.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "गाडीला सिग्नल गेलाय, बाळा. आता नाही उघडता येत."

"गाडी दिसतसुद्धा नाहीये अजून!" मी हात जोडले. रिक्षावालाही कळवळून म्हणाला, "अहो, पोटची पोर आहे तुमची!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि हिरवा झेंडा घेऊन आमच्याकडे पाठ करून रुळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तशाच उभ्याने बोलत राहिल्या. "तोंडाने श्वास सोड. दात आवळू नकोस. जावईबापू, बघता काय, पाठ चोळा तिची!" आवाज खणखणीत होता, मान मात्र एकदाही मागे वळवली नाही.

आली ती मालगाडी. मारुतीच्या शेपटासारखी, संपता संपेना. दांडा वर गेला तसा समोरचा ट्रक पुढे घुसू लागला. सासूबाई त्याच्या तोंडासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "आधी रिक्षा!"

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी बदलीचा माणूस आल्यावर सासूबाई धापा टाकत आल्या. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुला रूळच प्यारे."

"रागाव. तुझ्या जागी मी असते तर मीही रागावले असते." त्या स्टुलावर टेकल्या. "मी नवी होते तेव्हा एकजण, नको नको म्हणत असताना, वाकून गेला. पोराला शाळेतून आणायचं होतं त्याला. घरी निरोप द्यायला मला पाठवलं. बायकोने दार उघडलं ते हसतच. तिला वाटलं, तोच आला." बाळाकडे बघत म्हणाल्या, "आज तुझी रिक्षा रुळावर बंद पडली असती तर..."



 बायको या कुशीवर वळली, बाळाला उचललं आणि म्हणाली, "घे."

"थांब, हात धुऊन येते."

बाहेर नळ सुटला तो बंदच होईना. मी उठू लागलो, तशी बायकोने माझी बाही धरली.

"राहू दे तिला जरा," ती म्हणाली.