फूटभर वड

निवृत्तीनंतर मला जपानचं वेड लागलं. मुलुंडच्या तळमजल्यावरच्या घरात मी किमोनो घालून हिरवा चहा घुसळायचो आणि कुरिअरवाल्यालाही कमरेत वाकून नमस्कार करायचो. बायको म्हणायची, "जपानला कळलं तर व्हिसा देणार नाहीत." माझा सगळा तोरा होता तो खिडकीत ठेवलेल्या फूटभर उंचीच्या बोन्साय वडावर.

एका वटपौर्णिमेला फाटकाशी एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. हातात पूजेचं ताट, गळ्यात समोरच्या हॉस्पिटलचा पास.

"काका, नाक्यावरचा वड तोडलाय ना. तुमच्या वडाला दोरा गुंडाळू?"

"अहो, ही जपानी कला आहे. हात लावायचा नसतो," मी म्हणालो.

ती रागावली नाही. चपला काढून तिथेच थांबली. "नवरा आयसीयूत आहे. झाड लहान आहे, म्हणून सात जन्म नाही मागत. हाच एक पुरा होऊ दे."

मी वड अंगणात आणून स्टुलावर ठेवला. पदर खोचून, दोरा सोडत तिने इतक्या हलक्या पावलांनी फेरे घेतले, जणू झाड झोपलंय. ती निघताना मी सवयीने वाकलो. तिने विचारलं, "काय पडलं, काका?"

बोन्सायच्या प्रदर्शनात लोक त्या दोऱ्याबद्दल विचारतात. "जुनी जपानी पद्धत," असं मी आजवर ठोकून देत आलो. खरं इतकंच, की तिचा नवरा घरी गेला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. म्हणून दोरा काढायचा धीर होत नाही.