दामले सरांचं बंद पाकीट

आता कोणत्या तोंडानं सांगू? पण तुम्ही चहा मागवलाच आहे, तर ऐका माझी फजिती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईत एका क्लबात विमान चालवायला शिकत होतो. मी! पाचूबंदरच्या तांडेलाचा पोरगा! आमच्या सात पिढ्यांनी होडीशिवाय दुसरं काही हाकलं नव्हतं. त्यामुळे माझा रुबाब असा, की मासळीबाजारातूनही मी आभाळाकडे बघत चालायचो. दोनदा लोकांच्या सुकटीवर पाय दिला. शिव्या खाल्ल्या, पण मान काही खाली घातली नाही.

एकट्यानं उडायची परवानगी मिळायला एकच परीक्षा उरली होती. स्पिन! म्हणजे काय, तर विमानाचा वेग नको तितका कमी झाला की ते एका अंगावर कलंडतं आणि नाक खाली घालून भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. त्यातून ते बाहेर काढता आलं, तरच दामले सर सही करणार. दामले सर म्हणजे आमचे शिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, पण बोलले की लागायचं.

"विमान डावीकडे गरगरलं तर पेडलवर उजवा पाय पूर्ण दाबायचा आणि दांडा पुढे ढकलायचा," सर म्हणाले. "मागे ओढलास तर उद्या आपण दोघे पेपरात."

"त्यात काय सर! लहानपणापासून सुकाणू धरतोय!"

बोललो ना! हाताला सुकाणू होतं, तोंडाला कुठे होतं?

वर गावभर सांगून ठेवलं, रविवारची चर्चमधली मिस्सा झाली की किनाऱ्यावर या, समुद्रावर माझं विमान दिसेल. आणि लोकांना काय, फुकटचा तमाशा! अख्खं पाचूबंदर आलं.

पाच हजार फुटांवर सरांनी विमान डावीकडे स्पिनमध्ये टाकलं. समोर आभाळ होतं तिथं समुद्र आला. नुसता आला नाही हो, फिरायला लागला!

आता होडीचं कसं असतं? तोंड उजवीकडे वळवायचं तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. विमानात उलट, जिकडे वळायचं तिकडचाच पाय दाबायचा. एरवी माझे पाय बरोबर पडायचे. पण माणूस घाबरला की शिकलेलं विसरतो आणि हाडात मुरलेलं बाहेर येतं. मी होती नव्हती ती ताकद लावून डावा पाय दाबला. विमान दुप्पट जोरात फिरायला लागलं!

"उजवा! अरे उजवा पाय!"

मी डावा आणखी दाबला. वर दांडा पोटाशी कवटाळला.

"जॉनी, सोड! सगळं सोड!"

सोडलं. दोन्ही पाय सीटवर घेतले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि डोळे गच्च मिटले. होडी हलली की आमची आत्या अशीच बसते.

डोळे उघडले तर विमान सरळ! सर दोन बोटांनी दांडा धरून शांत बसले होते. क्लबात उतरल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, पाकिटात घालून चिकटवलं आणि म्हणाले, "वडिलांना दे."

मला वाटलं, शाबासकी! का नाही वाटणार? विमान सावरलं होतं, आणि त्यात मी बसलो होतो.

घरी पोहोचलो तर अंगणात ही गर्दी! आमच्या पुढाऱ्यांनी शाल-नारळसुद्धा आणला होता. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक शाल कायम तयार असते, सत्कार कुणाचा का असेना.

"आरं, काय गरागरा फिरवलंस!" शेजारची मावशी म्हणाली. "कोनाला जमनार हाय हे?"

खरं सांगायची हीच वेळ होती. सांगितलं का? छे! "सवयीनं जमतं, मावशी," म्हणालो आणि शालीसाठी खांदे पुढे केले.

बाप तेवढा मला निरखून बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "खाली पानी किती लांब उरलं व्हतं?"

"बक्कळ, बाबा!" मी म्हणालो. पण त्याच्या चेहऱ्यावरचा संशय काही जाईना. मग मी खिशातून ते पाकीट काढलं आणि बहिणीच्या हातात दिलं. "सुझे, सरांनी बाबांना पत्र दिलंय. वाच सगळ्यांसमोर! मोठ्यानं!"

सुझीनं पाकीट फोडलं आणि शाळेत धडा वाचावा तशी खणखणीत वाचायला लागली.

"तांडेल साहेब, नमस्कार. आज आम्ही विमान स्पिनमध्ये घातलं. तुमच्या चिरंजीवांनी ते समुद्रात घालण्याचा मनापासून प्रयत्न केला. शेवटी त्यांनी हात-पाय आवरून घेतले, तेव्हा विमान आपोआप सावरलं. सबब, यापुढे एकट्यानं जायला माझी परवानगी आहे. विमानाला."