रफीकभाईंचे फुटाणे

धाड गावाहून येणारी जीप रोज सकाळी आमच्या फाटकासमोर थांबायची आणि मागून रफीकभाई उतरायचे. आधी डबा खाली ठेवायचे, मग स्वतः. दीड महिन्यापूर्वी जीप थांबली, पण कोणी उतरलं नाही. ड्रायव्हर खाली आला, रुमालाने हात पुसत राहिला. "ताई, भाई गेले. पहाटे छातीत कळ आली… दवाखाना गाठेपर्यंत राह्यले नाहीत." माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मनात आलं, आता त्या फायलींचं खरं कधीच कळणार नाही.

मी सुलतानपूरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. शिकत शिकत विद्यापीठाच्या मेंदूसंशोधनाच्या प्रयोगशाळेत पोचले आणि तिच्याच एका प्रकल्पासाठी बुलढाण्यातल्या या दोन भाड्याच्या खोल्यांत परत आले. काम असं, की लकव्याने हात गेलेल्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायची, त्याने हात मिटायचं नुसतं मनात आणलं की मेंदूत उठणारी बारीकशी वीज कवटीवरून टिपून संगणकावर तिची रेघ काढायची आणि तिच्यावर टेबलावरचा यांत्रिक हात चालवायचा. आमच्या प्रमुख मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. बाकी दिवस मी आणि रफीकभाई. ते आयटीआय झालेले, टोप्या आणि तारा त्यांच्या ताब्यात. पेशंटच्या केसांत जेल लावताना म्हणायचे, "काका, चंपी फुकट हाय, फक्त हलू नका."

गेल्या हिवाळ्यात जळगाव जामोदच्या एका शिंपीकाकांनी मन लावलं आणि यांत्रिक हाताने स्टीलचा गिलास उचलला. काकू रडल्या, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझा प्रबंध त्या गिलासावर उभा राहणार होता. रफीकभाईंनी टाळी वाजवली नाही. ते काकांच्या कानशिलाकडे बघत राहिले. मला तेव्हाच खटकलं. आपल्यासारख्यांचं चांगलं झालेलं कोणाला बघवत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय, आणि अशा नजरा मला ओळखता येतात असं मला वाटायचं. पुढे माझ्या संगणकात मी न केलेल्या फायली दिसायला लागल्या. पेशंटचं नाव नाही, नुसता आकडा. वेळ बघितली तर मी जेवायला बाहेर जायचे तीच. मी पासवर्ड बदलला, पण यंत्रं सुरू करायला तो त्यांना द्यावाच लागायचा. एकदा डबा विसरल्याचं निमित्त करून मधूनच परत आले. रफीकभाई टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून बसले होते, गाल किंचित फुगलेला. मला बघून त्यांनी तोंडातलं काहीतरी कागदात गुंडाळलं. मी डबा उचलून पुन्हा बाहेर पडले. मनात मात्र ठरवून टाकलं, की हा माणूस माझं काम बिघडवतोय, नाहीतर दुसऱ्या कोणाला देतोय.

शेवटची भेट भांडणाची. शोधनिबंध छापायला पाठवायच्या आठवड्यात मी सरळच विचारलं, "माझ्या फायलींत हात कोण घालतं?"

"मीच घालतो. काऊन?" ते तार गुंडाळत होते. "ताई, तुमचा यांत्रिक हात मेंदूनं नाही, दातानं चालून राह्यला. काका जोर लावतात तवा दात आवळतात. कानशिलाची नस उडते, अन् तीच तुमच्या रेघेत येते. पक्कं होईस्तोर बोलणार नव्हतो."

जबड्याची वीज मेंदूच्या विजेत मिसळते, हे आमच्या पुस्तकांत सुरुवातीलाच असतं. मी ते वाचलेलं होतं, आणि ती वीज गाळून बाजूला काढलीय अशी माझी खात्री होती. मी म्हणाले, "तुम्ही आयटीआय केलंय, रफीकभाई. हे तुमचं काम नाही."

"हाव. काम तुमचं. टोपी माही हाय." तिसऱ्या दिवशी जीप रिकामी आली.

महिनाभराने जेलच्या कपाटात, मागच्या बाजूला, सुपारीचा एक डबा सापडला. आत वर्तमानपत्राच्या अकरा पुड्या, प्रत्येकीवर पेनाने आकडा. फायलींवर होते तेच आकडे. पहिली पुडी उघडली तर आत चुरडलेला फुटाणा, दुसरीत अख्खा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हात मिटायचं मनात आणताना दाढेखाली फुटाणा धरायचा. चुरडला तर जबडा हलला, अख्खा राहिला तर नाही. लकव्याच्या पेशंटला ठसका लागेल, म्हणून स्वतःच बसले.

बाकी पुड्या मी बंदच ठेवल्या. तपासणाऱ्याला आधी काही कळू द्यायचं नाही, ही आमच्या प्रयोगशाळेची रीत. एकेक फाइल बघून 'दात' की 'दात नाही' हे कागदावर लिहिलं, आणि मग पुड्या सोडल्या. दहाव्या पुडीपर्यंत, जिथे रेघ उसळली होती तिथे चुरा. जिथे फुटाणा अख्खा, तिथे रेघ आडवी… मॅडमना फोन केला, निबंध थांबवा. त्या म्हणाल्या, "टेक्निशियनच्या फुटाण्यांवरून?" मी हो म्हणाले. शिंपीकाकांना घरी जाऊन सांगितलं, की गिलास तुमच्या दातांनी उचलला होता. काकू आत निघून गेल्या. काका हाताकडे बघत म्हणाले, "मंग दात तं शाबूत हायेत ना, ताई. पुन्यांदा बसवा टोपी."

एक गोष्ट राहिली. अकराव्या फायलीत रेघ उठलेली दिसते, थोडीशीच, आणि तिच्यावर मी 'दात' लिहिलं होतं. अकराव्या पुडीत फुटाणा अख्खा निघाला. जबडा न हलवता, नुसत्या मेंदूने रेघ उठवणं त्यांना साधलं होतं का? की पहिला गिळला गेला म्हणून दुसरा ठेवला? सांगणारा नाही. त्या पुडीवर विश्वास ठेवावा असं मला फार वाटतं, आणि एवढं वाटतं म्हणूनच तिचा संशय येतो. पुड्यांचा तो डबा आता माझ्या टेबलावर असतो. दुपारी डबा खायला बाहेर जात नाही. त्यांची टोपी घालते, दाढेखाली फुटाणा ठेवते आणि हात मिटायचं मनात आणते. आजवरच्या माझ्या सगळ्या पुड्यांत चुराच आहे.