तुटका धागा आणि फळा

वडगावातल्या आमच्या घरात दोन पावरलूम आहेत. घरात सगळ्यात तीक्ष्ण नजर कुणाची, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक मुलीचं नाव घेतलं असतं. साडीतला तुटलेला धागा हुडकताना आम्ही नवरा-बायको आधी चष्मे शोधायचो. तोवर ही वाकून, नाक जवळजवळ कापडाला लावून, गाठ मारून मोकळी. त्यामुळे शाळा सुटली की तिनं मागापाशी बसायचं, हे आपसूकच ठरून गेलं. आल्यागेल्यापुढं मी तिचं कौतुकही करायचे.

सहावीत तिचं अंग सुटायला लागलं आणि माझी जीभही. जीभ माझी आधीपासूनच तिखट. जेवताना तिच्या ताटावर माझं लक्ष. संध्याकाळी मैदानावर जा म्हणून हाकलायचे, तर ही अर्ध्या तासात परत. पोरी खेळायला घेत नाहीत म्हणायची. मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं.

आठवीत तिच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की डोळे तपासून घ्या, ही फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते. मला हसूच आलं. शाळेत जाऊन मी बाईंनाच सुनावलं, "रेशमाचा तुटका धागा दिसतोय तिला, आणि एवढा मोठा फळा दिसंना व्हय? आळस हाय तो, दुसरं काय न्हाय." मुलगी दारात उभी होती. परत येताना मी तिला वजनावरून आणखी चार शब्द ऐकवले. त्या शब्दांची आज लाज वाटते.

यंदा नववीत शाळेतच सगळ्यांचे डोळे तपासले, तेव्हा माझा नाइलाज झाला. टिळकवाडीतल्या डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरच्या तक्त्यातलं तिला सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं वाचता आलं. मी तरीही मागाचं, धाग्याचं सांगत बसले. त्यांनी शांतपणे समजावलं की अशा डोळ्यांना जवळचं स्वच्छच दिसतं, लांबचं पुसट होतं. मी विचारलं, वजनामुळं झालं असेल का? ते म्हणाले, तसं ठाम सांगता येत नाही, पण दिवसभर घरात बसणाऱ्या पोरांचं वजनही वाढतं आणि नंबरही. रोज उन्हाउजेडात खेळू द्या हिला.

लांबून येणारा चेंडू तिला दिसतच नव्हता. म्हणून पोरी खेळायला घेत नव्हत्या, म्हणून ती घरात बसत होती, आणि घरात बसली म्हणून मी तिला बोलत होते. वर शाळेतून आल्या आल्या मागापाशी बसवणारी मीच. सांगायचं कुणाला?

चष्मा करायला टाकून आम्ही बसस्टॉपवर येऊन बसलो. कधीपासून दिसत नव्हतं, असं मी विचारलं. सहावीपासनं, म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"मला वाटलं, जाड झाल्यामुळंच दिसंना झालंय. तुला सांगिटलं असतं तर तू जेवायलाच कमी दिलं असतंस."

हे ती चिडून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. ती चिडली नव्हती. मी विचारलं म्हणून सांगत होती.