बिनभोकांची ओळ

माझ्या आईने अख्ख्या कोळसाखाणीच्या वसाहतीला स्वेटर घातले आणि स्वतः मात्र जन्मभर वडिलांचा कोपरावर विरलेला जुना स्वेटर घातला. माजरीच्या क्वार्टरांपुढे हिवाळ्यात उन्हाला खाटा पडायच्या आणि त्यावर बाया विणत बसायच्या. कुणी यूपीची, कुणी बिहारची, कुणी आमच्यासारखी इथलीच. पांढरी लोकर कुणी घ्यायचं नाही. कोळशाच्या धुळीत ती विणून होईपर्यंत राखाडी व्हायची.

वसाहतीत एक रीत होती. कुणाकडे गेलं आणि घरची बाई चहा ठेवायला उठली, की पाहुणीने तिचं विणकाम उचलायचं आणि तेवढ्या वेळात एक ओळ विणून ठेवायची. ती ओळ कशीही आली तरी उसवायची नाही. माझी आई विणकामात महाकडक बाई. घरच्यांची चूक दिसली की उसवलीच म्हणून समजा. माझी शाळेतली एक टोपी तिने तीनदा उसवली आणि तिन्ही वेळा आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण स्वभावाने मीही तिचीच लेक. पण पाहुणीच्या वेड्यावाकड्या ओळीला तिने कधी हात लावला नाही. दात-ओठ खाऊन पुढे विणायची.

मला शिक्षिकेची नोकरी लागली ती गडचिरोलीच्या जंगलात, आरमोरीहूनही बरंच आत. आईला एक शाल विणून द्यायची, हे मी पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं. तिला आजवर कुणी काही विणून दिलं नव्हतं, याची मला लाज वाटत होती. वरोऱ्याच्या बाजारातून मेंदी रंगाची जाड लोकर आणली. जाळीचा नमुना घेतला, कारण जाड लोकर सलग विणली की शालीची गोधडी होते. तेवढ्या जाड सुया मात्र मिळाल्या नाहीत. त्या मला शेजारच्या म्हातारीने वाळलेल्या बांबूच्या करून दिल्या, आणि लोकर अडकू नये म्हणून मोहाच्या बियांचं तेल चोळून गुळगुळीत केल्या.

ही म्हातारी घरात गोंडी बोलायची आणि माझ्याशी मराठी. शिंदीच्या पानांच्या चटया विणण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. शाळा सुटली की माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि माझ्या बोटांकडे टक लावून बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "म्याडम, शाल थंडीसाठी विनून राह्यल्या ना? मंग तिले भोकं काऊन पाडून राह्यल्या?"

मी विज्ञानाचा तासच घेतला. जाड लोकरीत हवा अडकते, हवा अडकली की ऊब राहते. ती "हो का" म्हणाली. न समजलेली पोरं वर्गात म्हणतात, अगदी तसंच. वसाहतीतली रीतही मीच तिला हौसेने सांगितली होती. म्हणजे दोष द्यायचा तर मलाच.

एके दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले, तर माझं विणकाम तिच्या हातात. महिनाभर नुसतं बघून तिने एक ओळ विणली होती. टाके घट्ट होते, पण एकही गळला नव्हता. फक्त जाळी कुठेच नव्हती. दोरा पुढे घेऊन भोक पाडायचं तिने मुद्दाम टाळलं होतं.

"येवढी एक वळ तरी गरम राहीन तुमच्या मायची," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी त्या ओळीच्या पुढे विणलं. जाळीत ती पट्टी ठळक दिसायची, आणि मला ती आवडायला लागली होती.

संक्रांतीला शाल घेऊन माजरीला गेले. आईने उलटसुलट करून पाहिली, जाळीवरून बोट फिरवलं, बोट एका जागी थांबलं. सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तर चार हात शालीतली वीतभर उरली होती आणि आई शांतपणे लोकर गुंडाळत बसली होती.

"एका वळीत जाळी राह्यली होती. आता तिथून पुन्हा विन."

ती ओळ कुणाची, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं. शाल तिथेच टाकली, पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने परत गेले. त्या शालीचा विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही. बावीस वर्षं आई त्याच विरलेल्या स्वेटरवर राहिली.

एव्हाना माझी बदली वरोऱ्याला झाली होती. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. बोटांची पेरं सुजलेली, सुई धरवत नाही. यंदा थंडी पडली तशी तिने पेटी उघडायला लावली. तळाशी डांबराच्या गोळ्यांत मेंदी रंगाच्या लडी होत्या. उसवलेली लोकर धुऊन, सरळ करून तिने जपून ठेवली होती. वीतभर लोकरही वाया न घालवणारी ही बाई. पण त्यातून तिने कुणाला मोजासुद्धा विणला नव्हता.

"हे विन," म्हणाली.

सुया मोबाइलवरून मागवल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. विणता विणता एका दुपारी मी तिला म्हातारीची गोष्ट सांगितली.

"तव्हा काऊन नाई सांगतलं? पाव्हनीची वळ मी कधी उसवली काय?"

"राग आला होता."

"मले वाटलं तुह्याच हातची चूक. तुले येत होतं म्हनून उसवलं." तिचे डोळे भरले. माझेही. आम्ही दोघी मूर्ख होतो, हे कबूल करायला एवढी वर्षं लागली.

पुढच्या आठवड्यात शाल अर्ध्यावर आली आणि मला सहा ओळी खाली एक जाळी सुटलेली दिसली. चूक माझी, शंभर टक्के माझी. चष्म्याचा नंबर वाढलाय. आईच्या लक्षात यायच्या आत उसवावं म्हणून मी सुई ओढायला घेतली, तर तिने मनगट धरलं.

"राहू दे वं."

"आई, चुकलं हाये."

"दिसलं मले कालच. राहू दे. मले थंडी वाजून राह्यली."

तिने शालीचं विणून झालेलं टोक ओढून स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं. सुया माझ्या हातात होत्या. मी तिच्या आणखी जवळ सरकले आणि पुढची ओळ विणायला घेतली.