दाराबाहेरचा भुजंगप्रयात

नंदाखालच्या बळीरामला भुजंगप्रयात येत होता, ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. पापडीजवळच्या एका शाळेत तो एकतीस वर्षं शिपाई होता. शाळेनं त्याच्याकडून घंटा, झाडू, पाण्याची टाकी आणि पाहुण्यांचा चहा एवढंच मागितलं, तेवढं त्यानं दिलं. शिक्षण सातवीपर्यंत. लग्न राहूनच गेलं. आईच्या आजारपणात वर्षं निघून गेली, आणि आई गेली तेव्हा स्थळं आणणारी माणसंही थकली होती.

वृत्तं त्याला व्हरांड्यात मिळाली. दहावीला मार्सेल सर मराठी शिकवायचे. वृत्ताच्या तासाला त्यांचा भर फळ्यापेक्षा बाकांवर असे. आखूड अक्षर म्हणजे लघू, त्याला एक बोट. लांब अक्षर म्हणजे गुरू, त्याला अख्खा तळहात. सगळा वर्ग बाक बडवू लागला की शेजारच्या वर्गातल्या बाई कपाळाला हात लावत. बाहेर बळीरामचा झाडू मात्र आपसूक त्या ठेक्यात पडे. भुजंगप्रयात तर जणू झाडूसाठीच केलेला. एक आखूड फटकारा, दोन लांब. असं चार वेळा झालं की ओळ पुरी होई आणि एका वर्गापुढचा व्हरांडाही.

अलंकारही असेच कानावर आले. आपली आई उपमेशिवाय बोलतच नाही, हे त्याला झाडू हातात धरून कळलं. मग ठेक्यावर शब्द बसू लागले. उरलेल्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद शिवून त्यानं वही केली. प्रत्येक पानावर वर वृत्ताचं नाव, खाली स्वतःच्या चार ओळी. वही कोणाला दाखवायची झाली तर ती सरांनाच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. उद्या दाखवू, दिवाळीनंतर दाखवू, असं करत नऊ वर्षं गेली.

आणि एका जूनमध्ये सर वर्गात शिरले आणि त्यांनी आतून दार लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. मग रोजच.

बळीरामला वाटलं, सरांनी आपल्याला ऐकताना पाहिलं. त्यांना ते आवडलं नाही. बंद दारातून ठेके ऐकू येत, नावं येईनात. वहीची पुढची पानं म्हणून बिननावाचीच राहिली. बाजारात दहावीची गाइडं काय कमी होती? पण ज्या माणसानं दार लावलं त्याच्या घरातून काही चोरून आणावं, तसं ते वाटलं असतं. तीन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बळीरामनं हार आणून दिला, खुर्च्या मांडल्या, आवरल्या; वही मात्र घरीच राहिली.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. बळीराम सदुसष्ट वर्षांचा आहे. दिवसचे दिवस त्याच्याशी कोणी बोलत नाही. बोललंच तर बसचा कंडक्टर बोलतो. मागच्या महिन्यात त्याच कंडक्टरनं सांगितलं, "मार्सेल सर फार थकले हो." आता नाही विचारलं, तर दार का लावलं ते कधीच कळणार नव्हतं.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून लोक घरी परतायच्या वेळी तो वही आणि सुकेळ्यांचा पुडा घेऊन पापडीला गेला. सरांच्या सुनेनं, टिफनीनं, त्याला ओळखलं. ती त्याच शाळेत शिकलेली.

"अय्या, घंटावाले मामा! या ना. पण ओरडून काही उपयोग नाही हां, पप्पांना अजिबात ऐकू येत नाही. पाटीवर लिहा. आणि विसरतात पण खूप. काल मलाच विचारत होते, बाई, तुम्ही कुणाच्या?"

सर ओटीवर आरामखुर्चीत होते. त्यांनी बळीरामकडे निरखून पाहिलं.

"पालक का? पालकसभा शनिवारी."

बळीरामनं वही उघडून पुढे केली. सरांना बारीक अक्षर लागेना. तेव्हा, आयुष्यात कधी केलं नसतं ते त्यानं केलं. सरांचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या तळव्यावर आपली ओळ वाजवली. एक बोट, तळहात, तळहात.

*सकाळी जरा वेळ वाडीत जावे,*
*विहीरीतले गार पाणी बघावे.*

"भुजंगप्रयात," सर म्हणाले. पाठ एकदम ताठ झाली. "पुढे?"

*कुणी भेटले तर जरासे हसावे...*

सरांनी हात काढून घेतला. "अडखळला! तीन लघू ओळीनं. म्हणून बघ, तीन आखूड अक्षरं आहेत की नाही?"

बळीरामनं ओठ हलवून पाहिलं. होती. झाडूच्या एका फटकाऱ्यात तो 'तर' इतकी वर्षं खपून गेला होता.

"कुणी शिकवलं तुला?"

त्यानं पाटीवर लिहिलं, "तुम्ही."

"मी शिकवलं असतं तर असं आलं नसतं. कुठल्या सालचा तू?"

पेन्सिल थांबली. साल लिहिलं असतं तर सरांनी मानलं असतं. कुठलंही साल चाललं असतं. बळीरामनं पाटी पुसली आणि लिहिलं, "विद्यार्थी नव्हे. शाळेचा शिपाई. बाहेरून ऐकायचो. तुम्ही दार का लावलंत?"

सरांनी ते दोनदा वाचलं.

"दार?" त्यांनी मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं. "टिफनी, दार कुणी लावलं गं? उघड. माणूस बाहेर उभा राहील."

"उघडंच आहे पप्पा," टिफनी हातानं खूण करून म्हणाली.

"मग झालं तर." सर बळीरामकडे वळले. "ती तिसरी ओळ नीट कर. मी बसलोय इथंच."

बळीराम पायरीवर बसला. एवढ्या वर्षांचं ओझं, आणि सरांकडे त्याचा मागमूसही नव्हता. कदाचित वाऱ्यानं वर्गातले तक्ते फडफडत असतील. कदाचित शेजारच्या बाईंनी तक्रार केली असेल. आपण समजलो ते खरंही असेल. आता सांगणारं कोणी नव्हतं.

तो गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला. टिफनीनं आणून ठेवलेला चहा निवला. बऱ्याच वेळानं ओळ बसली. *कुणी भेटता मी जरासे हसावे.* त्यानं वर पाहिलं, तर सर झोपले होते, तोंड किंचित उघडं. त्यानं ओळ पुन्हा वाजवून पाहिली, आणि मग शेवटचीही: *पुन्हा एकटे त्या घराला निघावे.* दोन्ही बरोबर आल्या.

त्यानं तिसरी ओळ पाटीवर मोठ्या अक्षरात उतरवली आणि पाटी खुर्चीला टेकवून ठेवली.

"उठल्यावर विचारतील, कोण आलं होतं," टिफनी म्हणाली. "काय सांगू मामा?"

बळीरामनं चपला पायात सरकवल्या.

"सांग, तिसरी ओळ दुरुस्त केली म्हणून."