सिस्टरबाई आणि कड्यावरचं गाव

सिस्टरबाई रोग्याशी खोटं बोलत नसत. हा गुण ऐकायला बरा, सोसायला महाग. अंधेरीच्या आमच्या चाळीतले पोस्टातले नाना आजारी पडले, तेव्हा त्यांनी बाईंचा हात धरून विचारलं, "मी यातून उठेन ना हो?" बाईंनी थर्मामीटर झटकला, पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, "नाही. बायकोला काही सांगायचं राहिलं असेल तर आज सांगा." नाना आठवड्याच्या आत गेले. त्यांच्या बायकोनं सिस्टरबाईंशी बोलणं टाकलं. पण धाकटीला घटसर्प झाला तेव्हा ती धावत आली ती त्यांच्याच दारात.

लोक म्हणत, नवऱ्यानं टाकलेली बाई. त्या म्हणत, "त्यानं नाही टाकलं, मी निघून आले. उगाच त्याला मोठेपणा देऊ नका." माझी खोली त्यांच्या शेजारी. मी शाळेत शिकवायला नुकती लागले होते आणि त्याच वर्षी माझी आई गेली. शेजारणी पाठीवरून हात फिरवत रडत बसल्या. सिस्टरबाई ताट घेऊन आल्या. "आई काही परत येत नाही. भात मात्र निवतोय." मला त्यांचा भयंकर राग आला आणि मी जेवले. पुढे महिनाभर ते ताट येत राहिलं.

पार्ल्याचे एक बडे कंत्राटदार होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांच्या म्हाताऱ्या आईचे, माईंचे, पाय गेले होते. परदेशी डॉक्टरला दाखवायचं म्हणून रावसाहेब बायकोसह बोटीनं निघाले आणि माईंच्या सेवेला त्यांनी सिस्टरबाईंना नेलं. सगळे परतले, माई तेवढ्या परतल्या नाहीत. "म्हातारी गेली," एवढंच बाई मला म्हणाल्या. दोन दिवसांनी बंगल्यावरून बोलावणं आलं. "चल गं माझ्याबरोबर. शोकाच्या घरी मला बोलता येत नाही."

दिवाणखाना माणसांनी भरला होता. समुद्रकाठी चंदनाची चिता कशी रचली, ते रावसाहेब सांगत होते. त्यांची बहीण, घाटकोपरच्या ताई, मांडीवर तांब्याचा कलश घेऊन बसल्या होत्या आणि तान्ह्या मुलाला थोपटावं तशा त्याला थोपटत होत्या. दुसऱ्या दिवशी तो नाशिकला जायचा होता. बाईंना पाहताच त्यांनी विचारलं, "तुम्ही शेवटपर्यंत होतात. शांतपणे गेली ना हो?"

"हो. झोपेत."

"दादानं अग्नी दिला तेव्हा तुम्ही..."

"ताई, ते खाली ठेवा," सिस्टरबाई म्हणाल्या. "ती हॉटेलच्या शेगडीतली राख आहे. तुमच्या आईला पुरलंय. दादा तिथे नव्हते."

ताईंनी कलश खाली ठेवला नाही, उलट घट्ट धरला. रावसाहेबांची बायको म्हणाली, "बोटीवर ताप आला होता, तेव्हापासून हिचं डोकं फिरलंय." मग आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तोच कलश नाशिकला गेला. ताई गेल्या नाहीत.

त्यानंतर पार्ल्यापासून अंधेरीपर्यंत एकच बोलणं झालं: नर्स झोपली, औषध चुकलं, म्हातारी मेली. डॉक्टरांनी बाईंना बोलावणं बंद केलं. नानांची बायको गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसऱ्यांना मरण सांगत फिरत होती ना?" सिस्टरबाई आत तांदूळ निवडत राहिल्या.

काही महिन्यांनी ताई एकट्याच आल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "तुम्ही खरं बोललात, मला कळतं. पण आईची म्हणून मला तेवढीच वस्तू मिळाली होती. तीही तुम्ही माझ्या मांडीवरून काढून घेतलीत."

"बसा," सिस्टरबाई म्हणाल्या. "ती जागा कशी होती, सांगते."

"नको. तुमच्या तोंडून आता काही नको." चहा तसाच राहिला.

ताईंसाठी राखून ठेवलेलं ते सगळं मग मला ऐकायला मिळालं. डॉक्टरनं हात टेकले होते, नुसतं ऊन आणि समुद्राची हवा घ्या म्हणाला होता. रावसाहेबांनी इटलीच्या दक्षिणेला एका गावात खोली घेतली, माईंना आणि बाईंना तिथे सोडलं आणि बायकोला घेऊन ते रोम-पॅरिस बघायला गेले. गाव कड्याच्या टोकाला चिकटलेलं, खाली एकदम समुद्र. जुन्या काळी चाचे यायचे, म्हणून लोक वर जाऊन राहिले. टेहळणीचा दगडी बुरूज अजून उभा होता. मोटार वेशीपाशी थांबली, पुढे नुसत्या पायऱ्या. दोन कोळ्यांनी माईंना खुर्चीत बसवून वर नेलं. वाळत घातलेली जाळी, डोक्यावर लिंबांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका पाहून माई म्हणाल्या, "अगो, हे तर आमचं हर्णै! देऊळ तेवढं बदललंय."

घरमालकीण काळ्या कपड्यांतली विधवा. दोघी म्हाताऱ्या उन्हात दाराशी बसून शेंगा सोलायच्या. ही मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि दोघी हसायच्या. आयुष्यभर परक्याच्या हातचं पाणी न प्यायलेल्या माई तिच्या हातचा पाव खाऊ लागल्या. एका सकाळी त्या उठल्या नाहीत. पोस्टातून रोमच्या हॉटेलला फोन लावला. रावसाहेब म्हणाले, "आमची बोट चुकेल. तिथे जे करतात ते करा."

तिथे जाळत नाहीत. पाद्र्यानं दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागा दिली नाही. बाहेर, समुद्राच्या बाजूला दिली. कोळ्यांनी खड्डा खणला, मालकीण शेवटपर्यंत उभी राहिली. "मला मंत्र कुठले यायला? रामरक्षा म्हटली. मध्ये दोन ओळी विसरले, तशीच पुढे गेले." बंदरावर भेटल्यावर रावसाहेबांनी पहिलं विचारलं, "आईची काश्मिरी शाल आणलीत ना?"

"पांघरूनच पुरलीय," बाई म्हणाल्या. त्याच रात्री बंदरावरच्या हॉटेलात रावसाहेबांनी बाईंच्या देखत शेगडीतली राख डब्यात भरून घेतली.

मुंबईत काम मिळेना, तेव्हा त्यांनी देशावरच्या एका क्षयाच्या दवाखान्यात नोकरी धरली. मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेले आणि रडले. "माझी आठवण येईल तुला," त्या म्हणाल्या. "रोज नाही यायची. तेच बरं." त्या तिथेच, त्याच रोगानं गेल्या. मला कळलं तेव्हा दिवसही उलटून गेले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुलुंडला एका लग्नात ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. केस पांढरे झाले होते. पंगत उठली. मग म्हणाल्या, "ती जागा... त्यांनी तुम्हाला सांगितली असेल." मी पायऱ्या, जाळी, शेंगा, पाव, रामरक्षा, सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "आईनं माझं नाव घेतलं होतं का हो?"

हेच मी सिस्टरबाईंना विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? शब्द ओठांवर आला होता.

"नाही," मी म्हणाले. "तिथे त्यांनी कुणाचीच आठवण काढली नाही. त्या मजेत होत्या."

ताईंचा हात सुटला. मग त्यांनी हळूच विचारलं, "दादाचीही नाही?"

"नाही."

आणि ताई तोंडाला पदर लावून हसल्या.